सुपाएवढी जागा

उखर्डू आबा गेले आणि आमची गल्ली स्वच्छ झाली. वाईट बुद्धीने म्हणत नाही, आहे ते सांगते. आमच्या दोन घरांत एकच भिंत, छातीएवढी. त्या भिंतीवर इतकी वर्षं सायकलीची मडगार्डं, कपांचे तुटके कान, बिजागऱ्या, पिठाच्या गिरणीचा फाटका पट्टा, कुणाच्या तरी कवळीचा वरचा अर्धा भाग, असलं काय काय उन्हात पडलेलं असायचं. आबा ते धुऊन वाळत घालायचे. धुवायचे ते माझ्या फिनेलने. आता भिंत मोकळी आहे आणि मी तिच्यावर गोधड्या वाळत टाकते.

मी नर्स. नोकरी सगळी सरकारी दवाखान्यांत गेली, त्यातली बरीचशी शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यांत. घाण दिसली की माझं डोकं फिरतं. गंजका खिळा दिसला की मला खिळा दिसत नाही, धनुर्वात दिसतो. आणि धुळ्याच्या देवपुरात एवढ्या कॉलन्या पडल्या असताना देवाने मला घर दिलं ते नेमकं ह्या माणसाच्या शेजारी! दर थोड्या दिवसांनी भिंतीपलीकडून हाक यायची, "सिस्टर, आहात का?" आणि पाठोपाठ एक रक्ताळलेलं बोट भिंतीवरून वर यायचं. इंजेक्शन दर वेळी टोचायचं नसतं, एकदा घेतलं की पुढची बरीच वर्षं पुरतं. पण बोलणी दर वेळी द्यावी लागतात. ती मी दिली. त्यांनी ती खाली मान घालून ऐकली, आणि बोटाला पट्टी बांधून होताच विचारलं, "ही कापसाची रिकामी गुंडाळी टाकताय का?"

"टाकताय का?" हा त्यांचा मंत्र. आम्ही राहायला आलो त्या दिवशीच तो ऐकला. मी जुनी खोकी बाहेर काढत होते, तर एक उंच, किडकिडीत माणूस फाटकाशी उभा. खादीचा सदरा, दोन्ही खिसे काहीतरी जड भरल्यामुळे लोंबलेले, नजर जमिनीवर. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. "टाकताय का?" मला वाटलं भंगारवाला. म्हटलं, "घेऊन जा बाबा." ते खोकं घेऊन शेजारच्या घरात शिरले. मग कळलं, हे चित्रकलेचे सर.

चालताना त्यांची मान कायम खाली. कानातला डूल हरवलेली बाई शोधते ना, तशी. माणसांचे चेहरे त्यांना ओळखू यायचे नाहीत, खरंच सांगते. माझी मुलगी शुभदा त्यांच्याच शाळेत शिकली. कॉलेजातून सुट्टीला आली तेव्हा दारात उभ्या पोरीला म्हणाले, "कोण आपण?" मग खाली बघितलं आणि, "अरे, शुभदा! टाच अजून बाहेरच्या बाजूला टाकतेस का?"

नावाचं सांगते. आमच्या खानदेशात उखर्डू नाव काही नवलाचं नाही. ज्या घरात पोरं जगत नाहीत, तिथे पुढचं पोर जन्मलं की त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. उकिरड्याला इकडे उखर्डा म्हणतात. म्हणजे मरणाला वाटावं, हे टाकलेलं आहे, ह्यात काही राम नाही. मग घराबाहेरच्या कुणा बाईने यायचं, पोर उचलायचं, आणि आईने ते तिच्याकडून मागून घ्यायचं. असं पोर जगतं म्हणे. आबांच्या आधीची सगळी भावंडं गेली होती, एकही वर्षाचं झालं नाही. म्हणून हे गेले उखर्ड्यावर, आणि नाव पडलं उखर्डू.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा जीव वरखाली झाला. नाळ ओली असलेलं पोर शेणात ठेवायचं? मी खेड्यापाड्यांतून एवढी बाळंतपणं केली, सासवांशी भांडले, चुलीतली राख नाळेला लावू नका म्हणून घसा कोरडा केला, आणि हा मास्तर मला हसत हसत सांगतोय! म्हटलं, "आबा, तुम्ही जगलात तो चमत्कार आहे. तुमच्यासारखी त्या उखर्ड्यावरून परत न आलेली कितीतरी असतील." तर म्हणाले, "तेच तर. त्यांचं नाव मी नाही तर कोण लावणार?"



शुभदा सांगायची, वर्षाच्या पहिल्या तासाला सर फळ्यावर आपलं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचे, वळायचे आणि म्हणायचे, "हसा. एकदाच पोटभर हसून घ्या. मग चित्र काढू." पोरं हसायची. सर हात मागे बांधून थांबायचे. हसू आपोआप संपायचं, आणि मग वर्षभर त्या नावाला कुणी हसायचं नाही. एक सांगते, पोरं चित्रांत नापास झाली असतील, पण त्यांच्या तासाला कुणी रडलं नाही.

त्यांची चित्रं म्हणजे काय, तर लाकडी फळी, तिच्यावर गोणपाट, त्यावर पांढऱ्या गोंदाने आणि तारेने ह्या असल्या वस्तू बसवलेल्या, मधूनमधून रंगाचे हात. त्यातून माणूस काढायचा. नाक, डोळे, कान काही नाही. लोक विचारायचे, "सर, चेहरा कुठाय?" ते म्हणायचे, "चेहरा तर त्याच्याकडे आहेच की."

आमच्या ह्यांचं चित्र काढलं तो किस्सा सांगते. हे एसटीच्या वर्कशॉपात होते. एका रविवारी आबा फळी घेऊन आले आणि टेबलावर ठेवली. मी बघते तर सगळा माल आमच्या घरातला! ह्यांची डावी चप्पल, बाहेरच्या बाजूने झिजून पार पुठ्ठा झालेली. ग्रीसचा डाग न निघालेला रुमाल. फाटक आपोआप लागावं म्हणून ह्यांनी बसवलेली आणि मग तुटलेली स्प्रिंग. दाढीचा ब्रश. हे संतापले. "मी अजून जिवंत आहे ना? मग माझं भंगार कशाला केलं?" तेवढ्यात दूधवाला आला, फळी बघताच ह्यांना ओळखून म्हणाला, "अरे, साहेबच शेतस ना!" ह्यांनी ती फळी उचलली आणि झोपायच्या खोलीत दाराच्या मागे टांगली, कुणाला दिसू नये म्हणून.

हे गेल्यावर मी ती बाहेरच्या खोलीत आणली. शेजारी फोटो आहे, हार आहे. पण माझी नजर जाते ती चपलेवर. माझा नवरा डावीकडे झुकून चालायचा. मला तो फार आवडायचा, आणि ते झुकणं मी विसरायला लागले होते. एवढं असूनही आबांचे आभार मी मानले नाहीत, कारण दाढीचा ब्रश मी टाकलेला नव्हता. तो त्यांनी उचलला होता. चांगला ब्रश होता.

आबांच्या बायकोचं नाव इंदूवहिनी. ह्या बाईचे पाय धुऊन पाणी प्यावं. स्वयंपाकघर सोडलं तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरी ती हसायची. म्हणायची, "सिस्टर, लग्न ठरलं तेव्हा मुलाचं नाव उखा सांगितलं होतं. मला वाटलं लाडाचं असेल. मांडवात भटजींनी पूर्ण नाव घेतलं तेव्हा कळलं, तोवर अक्षता पडल्या होत्या." मुलगा पुण्याला. तो एकदा वडिलांसाठी पितळी पाटी घेऊन आला, तिच्यावर नाव काय, तर 'उदय'. म्हणे कॉलनीत बरं दिसतं. आबांनी पाटी हातात घेतली, वास घेतला, हो, प्रत्येक वस्तूचा वास घ्यायची घाणेरडी खोड होती त्यांना, आणि म्हणाले, "छान आहे." दुसऱ्या दिवशी पाटी उलटी करून एका फळीवर खिळ्यांनी ठोकलेली. पोरगा जो रुसला तो दिवाळीपर्यंत. इंदूवहिनी मला म्हणाली, "एवढं पितळ, मी घासूनपुसून देवाजवळ तरी ठेवलं असतं."

पण हे सगळं किरकोळ. मला खरा वैताग आणला तो मोठ्या फळीने.

ती त्यांच्या बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत व्यापून होती. त्या फळीचं नाव 'उखर्डू'. म्हणजे त्यांचं स्वतःचं चित्र. गावच्या घरातून आणलेलं सगळं त्यात होतं. बैलाची नाल, चिमणीची काळवंडलेली काच, आईच्या बांगड्यांचे तुकडे, पाटीची लाकडी चौकट, आणि एका बाजूला काळ्या मण्यांच्या इवल्या इवल्या मनगट्या, आधी गेलेल्या भावंडांच्या. आईने त्या एका चिंधीत बांधून जपल्या होत्या. सगळी फळी गच्च भरलेली. फक्त मधोमध जागा रिकामी, नुसतं गोणपाट. आकार सुपाचा.

कारण आईने त्यांना सांगितलं होतं, "तुला सुपात घालून उखर्ड्यावर ठेवलं. उचलणारीनं सुपासकट उचललं." पोर परत मिळालं, सूप तिच्याकडेच राहिलं. आबांना ते सूप पाहिजे होतं. दुसरं कुठलं नाही, तेच.

"सिस्टर, ह्या फळीवरचं सगळं दुसऱ्यांचं आहे," ते म्हणायचे. "माझी म्हणावी अशी पहिली वस्तू तेवढी एक. ती नसेल तर हे चित्र माझं नाही, नुसता उखर्डा आहे."

"मग काय, उखर्डाच आहे!" मी म्हणायचे.

जुने विद्यार्थी सुपं आणून द्यायचे. कुणी बुरडाकडून नवं कोरं, कुणी आजीचं, कडेला चिंध्या शिवलेलं. आबा वास घ्यायचे आणि परत करायचे. "हे ते नाही." अहो, ते कुठलं हे तुम्हाला कळणार कसं? तुम्ही तेव्हा एका दिवसाचे होतात! भिंतीवर डोकं आपटावं असं वाटायचं, पण भिंतीवर मडगार्ड असायचं.

मग जळगावहून बोलावणं आलं. तिथे काही तरुण मंडळींनी प्रदर्शन ठरवलं होतं, त्यांना मोठी फळी पाहिजे होती. आयुष्यभरात आबांना कुणी असं बोलावलं नव्हतं. आणि आबांचं हृदय थकलेलं. डॉक्टरांनी जिने बंद केले होते, पायाला सूज यायची, मी रोज सकाळी बोटाने दाबून बघायचे. इंदूवहिनी एवढंच म्हणायची, "हे चित्र लोकांनी बघितलेलं त्यांना एकदा दिसू दे. मग काय व्हायचं ते होवो." आणि आबांचा हट्ट, "अपुरं चित्र मी पाठवणार नाही. सूप मिळू दे."

त्या दिवशी मी भिंतीवरून कडाडले. "आबा, सूप गेलं खड्ड्यात. ज्या बाईने उचललं ती कोण होती?"

आबा भिंतीवरचं मडगार्ड पुसायला लागले.

"कोण होती? नाव काय तिचं?"

"विचारायचं नसतं," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"आईनं. उचलणारीचं नाव विचारायचं नाही, तिच्यासमोर जायचं नाही. तिच्या मनात आलं तर ती परत मागते."

कपाळ माझं! हा माणूस साठी ओलांडून गेलेला, डोक्यावर केस नाही, पेन्शन खातोय. ती बाई येणार आणि ह्याला कडेवर घेऊन जाणार? इतकी वर्षं जगभर 'सूप कुठाय, सूप कुठाय' करत फिरला, आणि सूप जिच्याकडे होतं तिचं नाव एकदाही विचारलं नाही! का, तर आईने सांगितलं होतं. मी तडक त्यांच्या घरात शिरले आणि इंदूवहिनीला म्हटलं, "फोन लाव ह्यांच्या आत्याला."

आत्या शिंदखेड्याला, सोनाआत्या. कान चांगले, आवाज खणखणीत. मी विचारलं आणि पलीकडून लगेच उत्तर आलं, "कौतिक ना ती! कापूस येचाले येत जाये आपला वावरमा. आजून शे ना. शेजारनाच गावले शे." म्हणजे शेतात कापूस वेचायला येणारी बाई, अजून जिवंत, शेजारच्याच गावात! मी म्हटलं, "आत्या, तुम्ही आजवर सांगितलं का नाही?" तर म्हणते कशी, "त्यानी कव्हय इचारं का?"

मी फोन ठेवला आणि आबांकडे बघितलं. ते माझ्या चपलांकडे बघत होते.

निघायच्या आदल्या दिवशी ते दोनदा म्हणाले की छातीत धडधडतंय. मी नाडी बघितली. धडधड हृदयाची नव्हती, भीतीची होती. आईची आज्ञा मोडायची होती ना! मी म्हटलं, "मागितलं तिने तर मी देणार नाही तुम्हाला. मग तर झालं?" ह्यावर ते थोडे हसले.

जीप करून गेलो, आबा, वहिनी आणि मी. कौतिकमाय ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. वाळकी, पण कण्याने ताठ. मोतीबिंदू काढलेले, जाड चष्मा. आबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कोन शे? कोना शे तू?" तिने विचारलं.

"माय, मी उखर्डू," आबा म्हणाले. शाळेतली भाषा गेली, घरची आली. "उखर्डावरथून उचलं व्हतं ना तू, तो."

तिने चष्मा वर सरकवला आणि त्यांना नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. "आरे देवा! इतला मोठा व्हयी गया?"

वहिनी हसली, मीही हसले. आबा खाली बसले आणि पहिला प्रश्न काय विचारावा ह्या माणसाने?

"माय, ते सूप कोठे शे?"

"कोनतं सूप?"

"ज्यामा मी व्हतू."

"ते व्हय! ते घसायनं. होयीमा टाकी दिधं. सूप काय जलमभर पुरस का?"

संपलं. झिजलं, होळीत टाकलं. इतक्या वर्षांचा शोध, आणि निकाल लागला एक शेंग फोडून होईपर्यंत. मला खरं तर म्हणायचं होतं, बघा, मी सांगत नव्हते? पण आबांचा चेहरा बघितला आणि नाही म्हणवलं. बाजारात हात सुटलेल्या पोराचा होतो, तसा झाला होता.

कौतिकमायचं लक्ष नव्हतं. ती शेंगा फोडत बोलत होती. उचलणारीने पोर लगेच परत द्यायचं असतं, तो नुसता रिवाज. आईने बाजूलाच उभं राहायचं, पदर पसरायचा, आणि झालं. पण तिने लगेच दिलं नव्हतं.

"मन्हा पोऱ्या तव्हयच गयथा," ती म्हणाली. "दूध व्हतं. तू रडी ऱ्हायंता. मी घर लयी गयी तुले, पाजं. सांजलोंग दिधा नही."

वहिनीने विचारलं, "मग ह्यांची आई?"

"दारशे बठेल. दिनभर." तिने दाराच्या उंबऱ्याकडे हात केला. "बोले नही, रडे नही. नुसती बठी ऱ्हायनी. रडती ते मी देती नही."

तिचं स्वतःचं पोर तेव्हाच गेलं होतं; आबांची आई रडली असती तर तिने आबांना परत दिलं नसतं. मी जन्मभर बाळंतिणींत वावरले. दूध भरलेल्या छातीने आणि रिकाम्या हाताने घरी जाणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांना पट्टे बांधून दिलेत, गोळ्या दिल्यात. आबांच्या आईने तिचं नाव का घेऊ दिलं नाही, हे मला तिथे कळलं. त्या माउलीला रिवाजाची भीती नव्हती. तिने एक अख्खा दिवस त्या उंबऱ्यावर काढला होता.

निघताना कौतिकमायने विचारलं, सूप कशाला पाहिजे होतं? आबांनी फळीचं सांगितलं. म्हणाली, "माले दखाड."

"जळगावले लावनी शे, माय. लांब पडी."

"मंग काय व्हयनं? नातूनी जीप शे ना."

परतीच्या वाटेवर आबांनी आग्रा रोडला जीप थांबवली, बुरडाकडून एक नवं सूप घेतलं आणि मांडीवर ठेवलं. वास घेतला नाही. "हेच लावतो," म्हणाले. "कुणाला काय कळणार आहे?" आबांच्या तोंडी हे वाक्य! मला त्यापेक्षा त्यांचा हट्ट परवडला असता. वहिनीने खिडकीबाहेर तोंड केलं. रडत होती ती.

फळी टेम्पोने जळगावला गेली. टेम्पोवाल्याने ती सुतळीच्या दोरखंडाने अशी आवळली की गोणपाटाचा एक कोपरा फाटला, आणि आबांनी तो दोरखंड तिथेच राहू दिला, म्हणाले बरा दिसतो. आम्ही मागून एसटीने, पारोळा, एरंडोल करत. ऊन असं की बसचा पत्रा हात लावू देईना. सभागृहात पोहोचलो तर फळी समोरच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि शेंडी बांधलेला एक तरुण मुलगा लोकांना समजावून सांगत होता, "ह्या पोकळीतून सरांनी स्मृती आणि अस्मितेचा प्रश्न उभा केला आहे." मी म्हटलं, "बाळा, पोकळी नाही ती. तिथे सूप लागायचंय, थोडं थांब." तो बिचारा गोरामोरा झाला.

आबांनी चप्पल काढली, सूप घेतलं, खिळे दातांत धरले. लोखंडी खिळे, दातांत! मी ओरडणारच होते, इतक्यात मागून काठीचा आवाज आला. कौतिकमाय, आणि मागे तिचा नातू. नवं लुगडं, कमरेला शेंगांची पुरचुंडी खोचलेली. ती कुणाकडे न बघता सरळ फळीपाशी गेली. चष्म्यातून इकडून तिकडे बघितलं. नाल बघितली, काच बघितली. मनगट्यांपाशी थांबली, त्यांना एक बोट लावलं आणि काढून घेतलं. मग वळून आबांना रागावली,

"हाऊ काय उखर्डा करी ठेयेल शे रे?"

"उखर्डाच शे, माय," आबा खिळ्यांमधून म्हणाले.

"आन् मझारनी जागा रिकामी काबर सोडी?" तिने मधल्या गोणपाटाकडे काठी केली.

आबांनी खिळे तोंडातून काढले. "तठे मी व्हतू."

"व्हता ना," ती म्हणाली. "मंग मी उचली लिधं ना तुले तठेन! रिकामीच ऱ्हाई ना ती जागा."

एवढं बोलून ती तिथेच फरशीवर बसली, कारण पाय दुखले होते, आणि पुरचुंडी सोडायला लागली.

शेंडीवाला मुलगा माझ्याकडे बघत होता, मी वहिनीकडे. आबा सूप हातात धरून त्या रिकाम्या गोणपाटासमोर उभे राहिले. इतकी वर्षं रोज सकाळी उठून जे बघत होते तेच. मग त्यांनी मागे हात केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, हे धरा." मी सूप धरलं. खिळेही माझ्याच हातात दिले.

त्यांचे शेवटचे दिवस मी बघितले, सलाईन मीच लावलं, पण ते मला आठवायचं नाही. मला आबा दिसतात ते त्या सभागृहात, फरशीवर, म्हातारीशेजारी मांडी घालून बसलेले. लोक फळी बघत होते, आबा फळीकडे बघत नव्हते. जमिनीकडेही नाही. कौतिकमाय शेंग फोडायची, दाणे त्यांच्या तळहातावर ठेवायची, आणि आबा मान वर करून तिचा चेहरा बघत दाणे खात होते. आधी हात धुवा, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण दोघांतलं कुणीच ऐकणार नव्हतं, म्हणून मी सूप काखेत मारून बाजूला उभी राहिले.